पासंग

मंगळवारी अडतीस हजार.
ओन्से भागात, चार्जरच्या जंजाळामागे,
काचेत उभा तो काळा मायक्रोफोन,
गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.
आकडा पेन्सिलीने. पेन्सिलीने का,
हे कळायला गुरुवार उजाडावा लागला.

गुरुवारी एकेचाळीस.
शुक्रवारी चिठ्ठीवर नुसतं: विचारा.

विचारलं.
दुकानदार बेदोयान फोनमध्ये डॉलर बघतो, मग छताकडे,
मग माझ्याकडे, जणू मीच चढवला.
"आत्ता घ्याल तर त्रेचाळीस.
जेवून आलात तर सांगता येत नाही."
त्याच्या गल्ल्यात नोटांपेक्षा
खोडरबराचा चुरा जास्त.

मी एर्मिनियो. ब्यूनोस आयर्समध्ये
छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या.
वर जाणाऱ्या गोष्टींची मला भीती नाही.
पाळणा वर निघाला की मागच्या खाचेतून
लोखंडी पासंग खाली उतरतो, मुकाट.
पण या किमतीचा पासंग कुठे लपलाय
ते मी अख्खा रविवार शोधत होतो.
सापडलं माझं पेन्शन.
ते खालीच येत होतं,
आणि तरी पासंगालाही पुरत नव्हतं.

हा खटाटोप भाची आब्रिलचा.
तिला वाटतं माझ्याकडे सांगण्यासारखं आहे:
सहाव्या मजल्याखाली अडकलेली ती नवरी,
सोडवली तर म्हणाली, नको, मला परत खाली न्या.
किंवा तो दंतवैद्य, वीस वर्षं जिन्यानेच चढला
आणि लिफ्टमधून उतरला तो एकदाच, आडवा.
मी म्हटलं, ऐकणार कोण?
म्हणाली, मामा, अडकलेले लोक.

कंडेन्सर सगळं ऐकतो, बेदोयानने समजावलं.
शेजारणीचा पोपट, फ्रिजची घरघर,
कोपऱ्यावर वळणारी एकशे बत्तीस नंबरची बस.
डायनॅमिकला फक्त जवळचं ऐकू येतं,
पार ओठ टेकवावे लागतात, कबुलीजबाबाला बसल्यासारखे.
म्हणजे माझंच वय त्याचं.
पण किंमत दीडपट!
कमी ऐकायचं तर जास्त मोजायचे.

हप्त्यांचा हिशोब आब्रिलने मांडला:
बाराव्या हप्त्यापर्यंत नोट इतकी हलकी होईल
की तेवढ्यात एक एम्पानादाही येणार नाही.
आम्ही खूश झालो.
मग बँकेचं व्याज वाचलं.
बँकेलाही हिशोब येत होता.

शेवटी जुनाच घेतला. चाकारितातल्या
एका बंद पडलेल्या प्रार्थना-रेडिओचा, डायनॅमिक.
जाळीला पोचा. पडल्याचा की पाद्रीबुवांच्या दातांचा,
विकणारी बाई बोलली नाही.
एकोणीस हजार रोख,
आणि तिच्या इमारतीच्या लिफ्टला तेल.
तेल मी आधी घातलं.

घरी भिंतीपलीकडे पोपट, खाली बस.
म्हणून रात्री अकराला आमचीच लिफ्ट
तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये थांबवली.
लाकडी पाळणा, आत बाकडं,
भिंतींना मीच अठ्ठ्याऐंशी साली ठोकलेलं फेल्ट.
इतकी शांतता, की स्वतःचा श्वास
दुसऱ्या कुणाचा वाटावा.
म्हटलं, "नमस्कार, मी एर्मिनियो,"
आणि पुढचं काही आठवेना.

वरून रामोनाबाई जाळीवर चप्पल आपटत ओरडली,
"कुणी अडकलंय का आत?"

लांबचं ऐकू येत नाही म्हणे याला.
हे मात्र लख्ख आलंय.
आब्रिल म्हणते, कापायचं नाही,
पहिला भाग इथूनच सुरू.

परवा तीच सांगत आली, आयात खुली झाली,
बेदोयानच्या चिठ्ठीवर आता तेहतीस.
उतरतात, कधीकधी. पाळणाच तो.
मी हल्ली त्या गल्लीने जात नाही, एवढंच.

पण पाळणा खाली आला
आणि पासंग काही वर चढला नाही.
असं झालं की आम्ही
आधी दोर तपासायचो.