शेऱ्याचा रकाना

शेवटच्या बाकावर बसते मी, अंगात ओव्हरकोट तसाच,
मांडीवर तक्ता: आवाज, फलकलेखन, प्रश्नकौशल्य,
वेळेचं नियोजन. प्रत्येकी पाच गुण.
नारिनच्या या शाळेत हीटर फक्त खिडकीखालचाच तापतो,
म्हणून अकरावीची पोरं सगळी तिकडे दाटीवाटीनं,
आणि फळ्यापाशी, गारठ्यात, आयचुरोक.
माझ्या कॉलेजची. सराव-पाठ क्रमांक सात.
घटक: धरणे आणि राष्ट्रीय विकास.

पाठ घोटून आलीय. काल रात्री
वसतिगृहाच्या जिन्यात भिंतीला शिकवत होती,
मी वरून ऐकलं.
पाच मिनिटं प्रस्तावना, मग नकाशा, मग आकडे.
आकडे फार सुरेख काढते.
मेगावॅटमधला एकेक शून्य
आत्ताच तंदूरमधून काढल्यासारखा, गरगरीत.

मग एरमेकनं हात वर केला.
हा मुलगा सहसा हात वर करत नाही.
'एजे, माझ्या पणजोबांची कबर
त्या पाण्याखाली आहे.
ती कुठे धरायची? नफ्यात की खर्चात?'

कोणी हसलं नाही.
बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं, तेवढंच.

आयचुरोकच्या टाचणात 'संभाव्य प्रश्न' तीन होते,
तिन्हींची उत्तरं मीच लाल शाईनं तपासलेली.
हा चौथा.
ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही.
खडू खाली ठेवला, बोटं कोटाला पुसली, म्हणाली,
'मला माहीत नाही. गावाचं नाव काय होतं?'
'कारा-सुवात.'
'लिही.'

फळा भरलेला. त्यानं जागा शोधली,
मग बाहीनं शेवटचा शून्य पुसून
तिथं गाव लिहिलं, बारीक अक्षरात.

पुढचं सगळं तक्त्याबाहेरचं.
कुणाची आजी त्याच खोऱ्यातली निघाली.
कुणी उसळून म्हणालं, माझा बाप धरणावर नोकरीला आहे,
आमचं घर त्यावर चालतं, त्याचं काय?
त्यावर दुसरं कुणी. त्यावर तिसरं.
हीटर सोडून पोरं बाकांच्या मधल्या वाटेत आली.
घंटा झाली तेव्हा समारोप झालेला नव्हता,
गृहपाठ दिलेला नव्हता,
मी पेन उघडंच धरून बसले होते, शाई सुकली.

तेवीस वर्षांपूर्वी, वरच्या मजल्यावर,
हाच घटक, हाच प्रश्न, मला विचारला होता.
झारकिनाय. दोन वेण्या, एकीला कायम रिबन नसे.
मी म्हणाले होते, अभ्यासक्रमात नाही, बस खाली.
बसली.
चांगल्या गुणांनी पास झाली.
एरमेकचं आडनाव वेगळं आहे. भुवया तिच्या आहेत.

गावावर पाणी सोडलं ते इंजिनियरांनी.
मी फक्त एका प्रश्नावर सोडलं,
तेही चाळीस मिनिटांच्या तासातलं अर्धं मिनिट.
तरी एवढी वर्षं
कशाखाली काय आहे ते मला ठाऊक होतं.

शिकवायला शिकवते मी:
खडू कसा धरावा म्हणजे करकरत नाही,
वर्गाकडे पाठ करून किती वेळ लिहावं,
आवाज कुठल्या बाकापर्यंत पोचायला हवा.
'मला माहीत नाही' हे कुठल्या आवाजात म्हणायचं
ते मला कुणी शिकवलं नव्हतं,
मीही कुणाला शिकवलेलं नाही.
मग या पोरीनं उचललं कुठून?

कॉरिडॉरमध्ये ती धापा टाकत मागून आली.
'एजे, समारोप राहिला. किती गेले?'
'तीन,' म्हटलं. तीनच जातात. नियम आहे.
तिनं मान हलवली, आणि ओठ घट्ट मिटून
नकाशाची गुंडाळी दोरीनं बांधत बसली.
दोरी थोडी आखूड होती.
मी एक टोक धरलं.

संध्याकाळी तक्ता भरला.
आवाज चार. फलकलेखन चार, एक खाडाखोडीचा.
प्रश्नकौशल्य पाच, मग वाटलं, प्रश्न तर तिचा नव्हता,
तरी पाचच ठेवले.
वेळेचं नियोजन दोन.
खाली शेऱ्याचा रकाना, दोन बोटं रुंद.
त्यात लिहिलं: कारा-सुवात.

सोमवारी कार्यालयातून फोन येईल,
एजे, हे कुठलं केंद्र?
आमच्या यादीत नाही.