पान दोनशे चौदा

नवी पेठेच्या मागे, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर
साडेतीनशेला मिळाला फिजिक्सचा गठ्ठा.
तो चारशे म्हणत होता. आईने पन्नास सोडवून घेतले.
पन्नास म्हणजे किती विड्या,
हे ती बोलली नाही. मला तोंडी येतं.

पहिल्या पानावर निळ्या शाईत:
अंबिका यल्लप्पा म्याकल, बारावी ब.
खाली पेन्सिलीने, खोडूनही उरलेलं:
दोनशेपैकी एकशे सत्तर.

तेव्हापासून आम्ही दोघी अभ्यास करतो.
ती समासात सांगते, हे येतंच येतं.
हे सरांनी सोडलं, तू सोडू नको.
(ती स्वतःलाच म्हणत असणार, पण मी ऐकते.)
एका ठिकाणी तेलुगूत काहीतरी लिहिलंय.
आमच्या घरात बोलतात सगळे, वाचता कुणाला येत नाही.
चार दिवस मला वाटलं, एखादं गुपित सूत्र असेल.
मल्लय्याकाकांना दाखवलं.
चष्मा वर करून ते म्हणाले,
झोप येतेय, असं लिवलंय.

एप्रिल. त्रेचाळीस.
घामाने पान भिजू नये म्हणून मनगटाखाली नॅपकिन,
खालच्या मागावरचाच, एक धागा चुकलेला, म्हणून घरात राहिलेला.
पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री पावणेदोनला.
एका हातात पाईप, दुसऱ्या हातात टॉर्क.
आई पानं कापते, मी पानं उलटते,
आणि कधी तिची बोटं आखडली
की माझी उलटायची थांबतात.

अंबिका थांबली ती दोनशे चौदावर.
रोटेशनल मोशन, प्रश्न नववा.
आय बरोबर लिहिलं, पुढे काहीच नाही,
नुसती पेन्सिलीची रेघ, कागदाच्या कडेपर्यंत घसरलेली.
तारीख अकरा फेब्रुवारी.
त्यापुढची पानं एकमेकांना चिकटलेली,
छापखान्यातून आली तशी.

लग्न? ताप? फी?
मी प्रत्येकासमोर शक्यता मांडून पाहिली.
वरीलपैकी सर्व, असाही पर्याय असतो.

मग एकदा गठ्ठ्यावरचं नाव आईने वाचलं.
म्याकल? अगं, ती आमच्या कारखान्यात चेकर.
लई छाट काढते मेली.

गुरुवारी विड्या द्यायला मी गेले.
आई म्हणाली होती, पेपर जवळ आलाय, बस घरी.
मी गेले.
टेबलामागे ती. वाटलं होतं त्यापेक्षा लहान.
जुडी उचलायची, अंगठ्याने दाबायची,
कानाजवळ नेल्यासारखं करायची, बाजूला ठेवायची.
सतरा विड्या छाट. ह्या सैल आहेत, म्हणाली.
त्या माझ्या होत्या.
नऊशे त्र्याऐंशी लिहिताना तिचा नऊ
मी ओळखला, शेपटी आत वळलेला.

विचारायचं बरंच काही होतं.
तिनेच माझ्या बोटांवरची शाई पाहिली.
सीईटी का?
हो. तुमचं पुस्तक माझ्याकडे आहे.
तिचा अंगठा एका जुडीवर जरा जास्त वेळ राहिला.
कुठवर आलीस?
दोनशे चौदा.

मागच्या बाईने पिशवी पुढे सरकवली.
अंबिकाने माझं कार्ड परत दिलं, माझ्याकडे न बघता म्हणाली,
नववं छापायला चुकलेत बघ त्यांनी.
त्रिज्या दुप्पट घे. क येतंय.

रस्त्यात कितीतरी वेळ मी हाच हिशोब करत होते.
हे तिला कधी कळलं असेल?
पुस्तक विकायच्या आधी, की नंतर,
अशाच एखाद्या गुरुवारी, हजार मोजताना?

रात्री त्रिज्या दुप्पट घेतली.
चौपट झालं. क.
स्टीलची पट्टी घालून पुढची पानं सुटी केली, एकेक, फाटू न देता.
कोरी होती. तंबाखूचा वास आला,
तो माझ्याच हाताचा.

समासात आता कुणीच काही म्हणत नाही.
प्रश्न दहावा.
खाली माग चालू आहेत,
नळाला अजून पाणी नाही,
म्हणजे पावणेदोन व्हायचेत.