न वाचलेलं: एक

बाबगोंडा खोतांच्या वहीत एकशे बारा घरं होती.
मंगळवार पेठ, मिरजकर तिकटी,
पुढं खासबागेच्या मागच्या तीन गल्ल्या.
कुणाला कुठला पेपर, कुणाला फक्त रविवारचा,
कुणाच्या दारात कुत्रं, हेही शेजारी बारीक अक्षरात.
मी आठवीत. सायकल त्यांची, मांड्या माझ्या.

एक घर बंद पडलं, कुलपाला गंज चढला.
म्हटलं, काका, खोडू का नाव?
बिल थांबव म्हणाले. नाव राहू दे.
माणूस परत आला तर त्यानं काय
आपल्याला सांगायला यायचं, मी आहे म्हणून?

आता उद्यमनगरात लेथवर दिवस जातो.
पहाटे पाचला मात्र हात अजून
घडी घालायला काहीतरी शोधतात.
म्हणून संगणकावर माझी एक लाईन आहे,
सदतीस पत्त्यांची.
साइटच्या तळाशी तो केशरी शिक्का दिसला
की पत्ता उचलायचा, फीड रीडरच्या खणात टाकायचा.
संपला विषय.
पुन्हा तिकडं जाऊन दार वाजवायचं नाही.
कुणी नवं लिहिलं की तेच चालत येतं
नावापुढं आकडा घेऊन.

पोरगा हसतो. बाबा, फोनवर सगळं आपोआप येतंय की.
येतंय. पण पाठवतंय कोण?
एकदा त्याला गंगावेशीत नेलं, दूध कट्ट्यावर.
म्हैस समोर, धार समोर, पेल्यात बोटभर फेस.
म्हटलं, ही म्हैस तू निवडलीस.
पिशवीतल्या दुधाची म्हैस कुणी बघितलीय?
त्यानं दूध पिऊन पांढरी मिशी पुसली
आणि पुन्हा फोन काढला. असो.

सदतिसात एक जण पावसाळाभर
बंधाऱ्याचं पाणी किती फुटांवर ते लिहितो,
बाकी आठ महिने गप्प.
एक जण फक्त कुलपांवर.
चेन्नईचा एक जुन्या रेल्वे तिकिटांवर, इंग्रजीत,
मला निम्मं कळतं, तिकिटं सगळी कळतात.
आणि निपाणीच्या इंदुमती हेरवाडे,
शिलाई मशीन दुरुस्त करायच्या.
कुठल्या आवाजाला कुठं तेल, असलं लिहायच्या.
"टकटक आली तर लगेच सुई बदलू नका.
आधी बघा, तुम्ही घाईत आहात का."
तीन वर्षं त्यांच्या नावापुढं आकडा नाही.
रीडरनं दोनदा विचारलं,
हे फीड थंड आहे, काढून टाकू?
मी नाही म्हटलं. त्याला काय ठाऊक, वही कुणाची.

परवा पहाटे, वीज नुकतीच आलेली.
हेरवाडे. पुढं एक.

मी उठलो. चहा टाकला. दूध उतू गेलं.
ओटा पुसला.
ते कुलूपवालं घर आठवलं,
ज्याच्या कडीत एका सकाळी, कुणी न सांगता,
मी पेपर अडकवला होता,
आतून खोकल्याचा आवाज आला म्हणून.

मग उघडलं. तीनच वाक्यं.
"मशीन विकलं. तेलाची बाटली ठेवली आहे.
उजवा हात आता थोडा ऐकतो."

खाली उत्तर द्यायला जागा नव्हती.
बरंच झालं. मी काय लिहिणार होतो.
पोरगा उठायच्या आत
त्या ओळीवर पुन्हा खूण केली: न वाचलेलं.
आकडा परत उभा राहिला.
सायकल बाहेर काढली.