चारशे बारा

कुल्दार वेस्किमेत्स, वय अठ्ठ्याहत्तर,
तार्तूतल्या निम्म्याअधिक पियानोंना सुरात आणलेला माणूस,
माझ्या दारात उभा. बुटांवर बर्फ,
काखेत लॅपटॉप, पाव धरावा तसा.
"एकतीस तारखेला माझी मेल बंद करतायत,
आणि पत्ते बाहेर काढायचं बटणच नाही."

खरंच नव्हतं.
आत घालायचं होतं. पुसायचं होतं,
तेही लालभडक.
बाहेरची वाट तेवढी कुणाला सुचली नव्हती.

म्हटलं, ब्राउझरला एक एक्स्टेंशन लावू,
सदऱ्याला आतून चोरखिसा लावतात तसं.
फायली दोनच. एक सांगणार मी कोण, काय काय बघायची मुभा हवी;
दुसरी राबणार.
पानाला पंचवीस नावं. नाव उचल, नंबर उचल, शेरा उचल,
'पुढे' दाब, थांब,
पान यायच्या आत हात घातलास तर रिकामा परत येशील.
हे मी कोडला शिकवत होतो
आणि कुल्दार मागे मान डोलावत होता:
"तारेचंही तेच. पिळल्यावर जरा थांबायचं असतं."

पहिल्या फेरीत ओन्नेबाईंच्या नावाचा चुथडा झाला.
आमचं ते अक्षर, डोक्यावर लाट असलेलं,
त्याच्या जागी दोन परकी चिन्हं.
फाईलच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट लावले,
ओन्ने पुन्हा ओन्ने झाली.

मग स्वल्पविराम. शेऱ्यांत नुसता खच:
"कुत्रा भुंकतो, चावत नाही, मांजर चावते."
"जिना अरुंद, कॉफी पातळ."
"खालून तिसरी पट्टी अडते, मुलगा बोलत नाही, वाजवतो छान."
स्वल्पविराम दिसला की ओळ फुटायची,
मुलगा नंबरच्या रकान्यात जाऊन बसायचा.
एकेक शेरा अवतरणचिन्हांत गुंडाळला.

मध्येच विचारलं, यातले गेलेले किती? गाळू का?
चष्मा पुसत म्हणाला,
"माणसं गेली. पियानो कुठं गेलेत?"

रात्री अकराला फाईल तयार. ओळी चारशे अकरा.
पानावर आकडा चारशे बारा.

तासभर शोधलं. खोट माझ्याच शहाणपणात:
नाव तेच, नंबर तोच, तर नोंद दुहेरी, टाकून दे,
अशी एक ओळ न विचारता घातली होती मी.
लेइदा ओरव. दोनदा.
"दोनदाच आहे ती," कुल्दार म्हणाला.
"एक शहरातला पियानो, एक पेइप्सी सरोवराकाठचा, उन्हाळी घरातला.
तो कुणी वाजवत नाही.
दर जूनला जातो, सुरात आणतो,
झाकण लावतो, येतो."

ती ओळ मी पुसली.

"पैसे?"
"नकोत."
"मग तुझा पियानो लावून देतो."
"माझ्याकडे नाही."
त्यानं खोलीभर नजर फिरवली,
सोफ्यामागेही वाकून बघितलं.

मग लॅपटॉप ओढला,
सहा दिवसांत बंद पडणाऱ्या त्या पानावर
एका बोटानं काहीतरी लिहीत बसला, बराच वेळ.
"आता पुन्हा काढ."

चारशे तेरा.
शेवटची ओळ, अवतरणचिन्हांत नीट गुंडाळलेली:
तानेल कुक्क, "तिसरा मजला, घंटी बिघडलेली, पियानो नाही."