गाडी कोंढाळीला

आई शेजारणीला सांगते, पोरगा फलाट बांधतो.
शेजारीण विचारते, एक नंबरचा की आठ नंबरचा.
मी खोडून काढत नाही.
गेल्या दिवाळीपासून सदरच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं माणसांआधी यंत्रांना गारवा मिळतो,
मी दुसऱ्यांच्या गाड्या लागाव्यात म्हणून जागाच करतोय.

साहेब पुण्याहून येतात, फळ्यावर नळी काढतात.
आपण नळी आहोत, म्हणतात, पाणी दुसऱ्याचं, पैसा दुसऱ्याचा.
मग नळीवर चौकोन, चौकोनाला दारं.
एका दारातून संदेश, एका दारातून हिशोब,
तिसऱ्यातून, हा नंबर आत्ता कुठल्या टॉवरखाली आहे.
बाहेरच्यांना उघडी करा. त्यांना सुचेल ते करू द्या.
आपल्याला सुचत नाही,
हे ते म्हणाले नाहीत.

केबल जोडणारे निनावे काका, निवृत्तीला सात महिने,
चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभे होते.
"तार आपली, बोलनं लोकायचं.
हे तं आमी पयलेपासूनच करून रायलो ना बाप्पा.
याच्यात नवीन का हाय?"

दारं लिहायला आठ महिने गेले.
कोणी यावं, किती वेळा ठोठवावं,
खोटं नाव सांगितलं तर काय,
दहा हजार एकदम आले तर कोणाला थोपवायचं.
दार लिहिणं म्हणजे बहुतेक वेळ नाही म्हणणं लिहिणं.

पहिली आली इंदोऱ्याची यशोधरा गजघाटे.
तिला गाणी विकायची नव्हती, भविष्य नाही, क्रिकेट नाही.
ट्रकवाल्यांची संमती तिनं शाळेच्या वहीत आणली होती,
निळ्या शाईत सह्या, तीन अंगठे.
बाबा कळमन्याला हमाल.
संत्र्याची गाडी कधी येईल ते कळत नाही
म्हणून घरून अडीचलाच निघायचं, पोत्यांवर बसून राहायचं.
तिचा संदेश साध्या फोनवर जायचा, एवढाच:
गाडी कोंढाळीला. अजून दोन तास. झोपा.

एकशे बारा हमाल. संदेशाला बारा पैसे, त्यातले चार आपले.
तिमाही बैठकीत ती बेरीज पडद्यावर आली
तेव्हा कोणीतरी विचारलं, टिंब चुकलाय का.

मग एका रात्री तिसरं दार अडकलं.
एक अकरा ते पाच चाळीस.
चूक माझी. एकोणतीस फेब्रुवारी मी विसरलो होतो.
अहवालात लिहिलं, तक्रारी शून्य.
साहेबांना शून्य आवडलं.

मी स्कूटर काढली, कळमन्याला गेलो.
सालींचा, पेंढ्याचा, डिझेलचा वास.
गजघाटे क्रेट उतरवत होते, हाताला लाल चट्टे.
काल रात्री?
"काल का, अडीचलाच येऊन बसलो सगडे."
तक्रार काऊन नाही केली?
त्यांनी टॉवेलनं मान पुसली,
मी काही भलतंच विचारल्यासारखं पाहिलं.
"कोनाची करावं, भाऊ?
कोनी झोपा म्हनलं नाही, तं नाही झोपलो."

परतताना वाटलं, पडद्यावर एक आकडा वाढवावा,
अडीच वाजता किती जणांचे फोन अजून घरच्या टॉवरखाली आहेत.
सहज जमलं असतं.
पण वहीत सह्या ट्रकवाल्यांच्या होत्या,
हमालांची झोप मोजायला कोणी हो म्हटलं नव्हतं.

म्हणून यादीत माझाच नंबर घातला. एकशे तेरावा.
आता रात्री सव्वादोनला उशीखाली फोन थरथरतो.
गाडी कोंढाळीला. अजून दोन तास. झोपा.
ज्या रात्री थरथरत नाही त्या रात्री मी उठून बसतो.

पलीकडच्या खोलीतून आई विचारते,
झोपा सांगायला कोण उठवतं रे तुला?
मी कूस बदलतो.
एव्हाना बाजारगाव आलं असेल.