तोंडात बसणारा शब्द

वीरा देसाई रोडवर, टायरच्या दुकानाखालच्या तळघरात,
जिथे टेक घेताना एसी बंद करतात,
मी साडेपाच वर्षांचं पाणमांजर असते.
वय माझं एकसष्ट. गुडघ्याला पट्टा.
पाणमांजराचं नाव आम्ही ठेवलंय डुबुक.
मूळ नाव कुठल्याशा थंड देशातलं,
उच्चारताना जीभ घसरायची.

डुबुक रोज अकरा मिनिटांत काहीतरी शिकतो.
रांगेत थांबायला. शेवटचा मासा अर्धा करायला.
राग आला की काठावर बसून दहा दगड मोजायला.
कुणी ओरडत नाही त्याच्यावर.
त्याची आई वाक्य संपलं की एक श्वास थांबते,
आणि त्या रिकाम्या जागेत मला
काही बोलायचं नसतं, नुसतं तिथे असायचं असतं.
ते सगळ्यात अवघड.

आज भाग सव्वीस.
डुबुकने बहिणीचं शेवाळाचं घर मोडलंय.
पडद्यावर त्याचं तोंड दोनदा उघडतं, मिटतं.
दोनदाच.
कागदावर आलंय, "मला क्षमा कर, ताई."
फैयाज काचेपलीकडून म्हणतो, मॅडम, लांब जातंय,
तोंड मिटलं तरी आवाज येतोय.
"माफ कर" म्हणून पाहिलं. मापात बसलं,
पण ते तर आम्ही दारावरच्या माणसाला म्हणतो,
पुढे जा म्हणून.
"सॉरी"ला चॅनेलची मनाई. शुद्ध हवं.
मग मी म्हटलं, "चुकलं."
दोन ठोके. ओठ बरोबर मिटले.
फैयाजने अंगठा दाखवला, आणि म्हणाला,
एक जादाचा घेऊन ठेवू.

सात वेळा म्हटलं.
पाचव्यांदा घसा खरवडला,
नेमका तोच ठेवला त्यांनी.

आमच्या घरात हा शब्द नव्हता.
बाबा चुकले की न सांगता पंखा दुरुस्त व्हायचा.
आई चुकली की भातावर जास्तीचं तूप.
हेमी आणि मी
हीच भाषा बोलायला शिकलो.
आणि आईच्या तेराव्याला, पानं मांडलेली असताना,
मी म्हटलं,
"केईएमला तू फक्त रविवारी येत होतीस."
एकाच टेकमध्ये. चोख.
हेमीने हातातलं मीठ वाढून पुरं केलं,
अगदी शेवटच्या पानापर्यंत,
मग चपला घातल्या.
सहा वर्षं झाली.
मुलुंड काही लांब नाही.

जिना चढून वर आले.
टायरवाला एका रिक्षाच्या चाकात हवा भरत होता.
तिथेच, त्या फुसफुशीत, नंबर लावला.
पोरानं उचलला.
"आजी भाकऱ्या करतेय. कोण बोलतंय?"
मी माझं नाव सांगणार होते.
घशातून दुसरंच कुणीतरी आलं.
"मी डुबुक."

पलीकडे सगळं थांबलं.
"खोटं. डुबुक पाण्यात असतो.
त्याच्याकडे फोन कुठला?"
"ओला झालाय," मी म्हटलं.
हे त्याला पटलं.

आतून हेमी, "कोण आहे रे, रेयांश?"
"पाणमांजर आहे.
तुझ्याशी बोलायचंय म्हणतंय."

मी तसं काही म्हटलं नव्हतं.

पिठाच्या हाताने फोन घेतल्याची खरखर.
मग श्वास.
समोर पडदा नव्हता
तोंड केव्हा उघडायचं ते दाखवणारा.
मी दगड मोजत होते. चार. पाच.
सहाव्याला म्हटलं. दोन ठोके.
आवाज डुबुकचाही नव्हता, माझाही धड नाही,
मधलाच कुठलातरी, फाटका.

टायरवाल्याने नळी काढली.

"घसा बसलाय तुझा," हेमी म्हणाली.
तिच्यामागे भाकरी करपत असावी.
गॅसची कळ फिरवून
बंद केल्याचं मला ऐकू आलं.