टेकर

खानेसुमारीचे कागद घेऊन मी आउथबीला पोचलो
तेव्हा नकाशातला रस्ता
नकाशाच्या बराच अलीकडे संपला होता.
डांबर, पांढरी रेघ, मग हवा.
खाली उत्तर समुद्र, करडा,
चिखल घोळवत बसलेला, तोंडही न पुसता.

सीसाइड लेन, घर क्रमांक अकरा.
एक ते दहा कुठे, असं इथे विचारत नाहीत.

हिल्डा स्टेदर्सनं दार उघडलं, हातात बटाटे सोलायची सुरी.
'सेन्सस टेकर? आणि तोही रविवारी संध्याकाळी?
ये. या किनाऱ्यावर टेकर पुष्कळ येतात,
चहाला थांबणारे थोडे.'

माझ्या कानाला एक खोड आहे.
टेकर म्हटलं की त्याला टेकणारा ऐकू येतो:
दमून भिंतीला पाठ लावणारा,
परक्या पायरीवर घटकाभर बूड टेकणारा.
टेकर म्हणजे घेणारा,
हे डोक्याला ठाऊक आहे. कान ऐकत नाही.

घरात माणसं किती?
'मी. नॉर्मन होता, तो आता तुझ्या कामाचा नाही.'

नॉर्मन चॅपेलचा केअरटेकर.
काळजी तो घ्यायचा,
काळजी ती करायची;
अशी वाटणी एकतीस वर्षं.
गळके पन्हळ, पायपेटीचा फाटका भाता, चाव्यांचा जुडगा.
चॅपेल एका फेब्रुवारीत खाली गेलं.
जुडगा अजून खिळ्याला आहे,
आणि वारा आला की वाजतो, कुठलंही दार नसताना.

'आणि ब्लँचर्ड,' ती म्हणाली, 'अंडरटेकर.
त्यानं माझ्या नवऱ्याला दोनदा नेलं.'
एकदा नेहमीसारखं.
मग कडा स्मशानाच्या भिंतीपर्यंत आला
तेव्हा वर काढून, ट्रकमधून, आतल्या गावी.
दुसऱ्या खेपेचं बिल त्यानं लावलं नाही.
टोपी काढून नुसता उभा राहिला गेटापाशी,
जणू त्याचंच काही देणं लागत होतं.

घर तिनं लिलावात काढून पाहिलं.
एनी टेकर्स? लिलाववाल्यानं तीनदा विचारलं,
शेवटी एका पौंडाला.
मागच्या रांगेत कुणी खोकलं;
त्यानं तीही बोली धरून पाहिली.
खोकणारा हात हलवत नाही नाही म्हणाला.

मग तुम्ही हात टेकले?
असं विचारणार होतो,
पण तिच्या भाषेत हात टेकत नाहीत.
तिचे तर बटाटे सोलत होते.
'घ्यायला कोणी नाही म्हणे,' तिनं सुरी खिडकीकडे रोखली.
'आणि हा बघ. परवा कोंबड्यांचं खुराडं. न विचारता.'

खोल्या?
'चार.' मग जरा ऐकून,
'चार लिही. शाई वाळेपर्यंत चारच.'

शेवटची बस सव्वासातला होती. सव्वासात केव्हाच वाजून गेले होते,
आणि धुकं फाटकापर्यंत आलेलं.
'नियम काय आहे तुमचा?
आज रात्री जो या छताखाली, तो इथला. ना?'
तिनं कागद स्वतःकडे ओढला,
माझं नाव दोनदा विचारून
तिसऱ्यांदा चुकीचंच लिहिलं,
पुढच्या रकान्यात, नातं: पाहुणा.

वीस वर्षं लोकांना मोजत आलो.
मोजला गेलो तो तिथे,
नॉर्मनच्या कोचावर पाठ टेकून,
पोटात उकडलेला बटाटा आणि लोणी.

रात्री काहीतरी ढासळलं. फार मोठं नसावं.
जुडगा किणकिणला.
भिंतीपलीकडून ती म्हणाली, 'झोप. आपलं नाही.'

सकाळी गाउनवर कोट चढवून
तिनं मागच्या दारापासून कड्यापर्यंत पावलं टाकली.
अठ्ठावीस.
काल एकोणतीस होती.
तिनं चपलेतला खडा झटकला.
'पाऊल मोठं पडलं असेल,' म्हणाली,
आणि पुन्हा दारापासून मोजायला लागली.